जुनं फ्रेंच घड्याळ पाठीकडून वाचावं

माझ्या टेबलावर आत्ता एक फ्रेंच घड्याळ पाठमोरं उभं आहे. पुढून बघाल तर कणसांची पेंढी कवेत घेतलेली मुलगी, तिच्या पायाशी पानाफुलांची सोनेरी नक्षी आणि मधोमध पांढरीशुभ्र तबकडी. घरी येणारा प्रत्येक जण पुढूनच बघतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "सोन्याचं आहे का?" मी घड्याळ वळवते आणि मागचं गोल झाकण उघडते. आत तळहातात मावेल एवढी पितळेची गोल पाटी दिसते. तिच्यावर छोटा गोल शिक्का, खाली चार आकडी क्रमांक आणि त्याच्याही खाली, एकमेकांपासून थोडं अंतर सोडून ठोकलेले दोन आकडे: ५ आणि ४. या घड्याळाची जन्मपत्रिका त्या पाटीवर आहे. पुढची बाजू दिमाखासाठी केलेली असते, ती वाचायला वर्षं लागतात. पाठ मात्र नवखा माणूसही एका दुपारात वाचायला शिकतो. जुनी फ्रेंच शोभेची घड्याळं आवडू लागली आहेत, एखादं घ्यावंसं वाटतंय किंवा घरात आजोबांच्या काळापासून एक बंद पडून आहे, अशांसाठी हा लेख आहे.

आधी हे समजून घ्या: घड्याळ एकाचं नसतं

नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "हे कुणी बनवलं?" या प्रश्नाला सहसा एक उत्तर नसतं. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये घड्याळजींचा संघ वेगळा, कांस्य ओतून त्यावर छिन्नीकाम करणाऱ्यांचा वेगळा, मुलामा चढवणाऱ्यांचा वेगळा आणि लाकडी पेट्या करणाऱ्यांचा वेगळा. आपल्याकडे ओतारी, तांबट आणि सोनार आपापल्या कामाला धरून असत तसंच, फक्त तिथे या हद्दी नियमांनी आखलेल्या होत्या. १७९१ साली क्रांतीच्या सरकारने हे संघ मोडीत काढले, तरी कामाची वाटणी तशीच चालू राहिली.

व्हर्सायच्या राजवाड्यातलं खगोलीय घड्याळ याचं उत्तम उदाहरण आहे. त्याची कल्पना आणि गणित क्लोद-सिमेओं पासमाँ यांचं, प्रत्यक्ष यंत्र केलं घड्याळजी दोतियो यांनी आणि भोवतालचं वेलबुट्टीदार कांस्यकाम जाक काफिएरी आणि त्यांचा मुलगा फिलिप यांचं. १७५० साली ते पंधराव्या लुईला दाखवण्यात आलं. त्यात वर्षाचा आकडा ९९९९ पर्यंत दाखवायची सोय आहे. एवढं सगळं ज्या घड्याळात आहे, ते कुणाचं म्हणायचं?

तबकडीवर जे नाव दिसतं ते बहुधा यंत्र तयार करून बसवणाऱ्या घड्याळजीचं असतं, आणि एकोणिसाव्या शतकात तर पुष्कळदा नुसतं विकणाऱ्या दुकानदाराचं. ज्याने ती मुलगी घडवली, तिच्या केसांची एकेक बट छिन्नीने उठवली, त्याचं नाव क्वचितच कुठे सापडतं. मला याची खंत वाटते. म्हणून घड्याळ बघताना प्रत्येक कामाचा माणूस वेगळा शोधायची सवय लावून घ्या.

मोठी म्हणता येतील अशी काही नावं लक्षात ठेवा. आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) हा चौदाव्या लुईचा लाकूडकारागीर. कासवाचं कवच आणि पितळेचा पत्रा एकत्र कापून एकमेकांत बसवायची त्याची जडावाची पद्धत त्याच्याच नावाने ओळखली जाते. घड्याळजींमध्ये ज्युलियाँ ल रुआ आणि त्याचा मुलगा पिएर, फेर्दिनां बेर्तू, झाँ-आंत्वान लेपीन, आणि या सगळ्यांच्या पुढे गेलेला आब्राम-लुई ब्रेगे (१७४७–१८२३). कांस्यकामात पिएर-फिलिप तोमीर (१७५१–१८४३). नेपोलियनच्या मुलाचा १८११ सालचा, सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा पाळणा घडवणाऱ्यांमध्ये तो होता. ही नावं तुम्हाला बाजारातल्या घड्याळांवरही वाचायला मिळतील, आणि तिथेच सावध व्हायचं. "ल रुआ, पॅरिस" एवढंच लिहिलं असेल तर तो ज्युलियाँच असेल असं नाही. हे आडनाव लावणारे घड्याळजी आणि दुकानं पॅरिसमध्ये पुष्कळ होती.

पायरी १: झाकण उघडा आणि पाटी वाचा

विकणाऱ्याची परवानगी घ्या, खिशात छोटी बॅटरी आणि भिंग ठेवा. लंबक आधी अलगद काढून बाजूला ठेवा, नाहीतर घड्याळ वळवताना तो हेलकावतो आणि ज्या बारीक पट्टीवर तो लटकतो ती मोडते.

एकोणिसाव्या शतकात बहुतेक फ्रेंच मेजावरच्या घड्याळांची कच्ची यंत्रं पॅरिसमध्ये नव्हे, तर प्रांतांमध्ये तयार होत आणि पॅरिसमध्ये घासूनपुसून, जुळवून पेटीत बसत. स्विस सरहद्दीजवळच्या बोकूर गावात फ्रेदेरिक जापीने १७७७ च्या सुमारास कारखाना काढला आणि जी चाकं आधी हाताने कापत ती तो यंत्रांवर कापू लागला. सुरुवात खिशातल्या घड्याळांपासून झाली, पुढे मेजावरचीही आली. जवळच्याच माँबेलियारमध्ये साम्युएल मार्तीची कंपनी होती. उत्तरेला, दिएपच्या बंदराजवळच्या सँ-निकोला-दालियेरमाँ गावात ओनोरे पाँस याने यंत्रं केली. त्या गावात आज घड्याळांचं संग्रहालय आहे.

या कारखान्यांना औद्योगिक प्रदर्शनांत पदकं मिळत आणि ती पाटीवरच्या शिक्क्यात मिरवली जात. तारीख ठरवायला यासारखा सोपा आधार नाही. पाँसच्या शिक्क्यात १८२३ किंवा १८२७ चं सुवर्णपदक दिसतं. विन्सेंती या यंत्रं करणाऱ्या आणखी एका कंपनीच्या शिक्क्यात १८५५ आणि रौप्यपदक. जापी बंधूंच्या शिक्क्यात "ग्रांद मेदाय दॉनर", म्हणजे मोठं सन्मानपदक, असेल तर ते १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनाचं. मार्तीचं रौप्यपदक १८८९ चं, सुवर्णपदक १९०० चं. नवखे इथे हमखास एक चूक करतात. १८५५ वाचलं की घड्याळ १८५५ चं असं धरून चालतात, आणि विकणाराही आनंदाने मान डोलावतो. पदकाचं वर्ष फक्त एवढंच सांगतं की घड्याळ त्याच्या आधीचं नाही. तो शिक्का पुढे कित्येक वर्षं वापरात असे.

पाटीवर "फ्रान्स" असं ठोकलेलं असेल तर घड्याळ बहुधा १८९० नंतरचं आणि निर्यातीसाठी केलेलं आहे. त्या वर्षीच्या अमेरिकेच्या जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं केलं होतं.

आता ते ५ आणि ४. हे लंबकाच्या लांबीचं माप आहे, फ्रान्सच्या जुन्या मापात: ५ पूस आणि ४ लीन्य. पॅरिसचा एक पूस म्हणजे सुमारे २७ मिलिमीटर आणि एका पुसाचे १२ लीन्य. माझ्या घड्याळाचा लंबक झाला साधारण १४.४ सेंटिमीटरचा. मेट्रिक मापं फ्रान्सनेच जगाला दिली, तरी घड्याळजी मात्र आपली जुनी मापं सोडायला तयार नव्हते. मनगटी घड्याळाच्या यंत्राचा आकार आजही लीन्यमध्ये सांगतात. हे दोन आकडे का पाहायचे? जुना लंबक हरवून भलताच टांगला असेल, तर घड्याळ कितीही दुरुस्त करा, वेळ पाळणार नाही.

सर्वात समाधान देणारी तपासणी शेवटी: लंबकाचा गोळा उलटा करा. पुष्कळदा त्याच्या मागेही आकडे ठोकलेले असतात. ते पाटीवरच्या क्रमांकाशी जुळले, तर यंत्र आणि लंबक एकाच वेळी कारखान्यातून निघालेले आहेत. माझ्या घड्याळाचे चारही आकडे जुळले तेव्हा मी दुकानातच खुर्ची ओढून बसले.

पायरी २: टांगणी आणि टोल्यांची चाकं बघा

लंबक कशावर टांगलाय ते पाहा. रेशमी दोऱ्याच्या फासावर असेल तर घड्याळ साधारण १८४० च्या दशकाच्या आधीच्या जातीचं. बारीक पोलादी पट्ट्यांवर असेल आणि तबकडीवर बाराच्या वर इवलंसं चौकोनी टोक डोकावत असेल, तर ती आशिल ब्रोको (१८१७–१८७८) याची पद्धत. ते चौकोनी टोक चावीच्या बारीक बाजूने फिरवलं की लंबकाची चालती लांबी कमी-जास्त होते. घड्याळ न उघडता, पुढूनच वेळ लावता येते. एवढी छोटी सोय, पण ती आल्यावर रेशमी दोरा मागे पडत गेला. तरीही रेशमाचं घड्याळ मिळालं तर कुणी कितीही सांगितलं तरी पोलादी पट्टी बसवून घेऊ नका. दोरा बदलता येतो. पट्टीसाठी पाटीला पाडलेली भोकं बुजवता येत नाहीत.

टोल्यांचं बघायला पाटीच्या बाहेर खाचा असलेलं मोठं चाक आहे का ते पाहा. असेल तर टोले त्या खाचांच्या अंतरावरून मोजले जातात. ही जुनी पद्धत. १८८० च्या पुढच्या घड्याळांत टोल्यांची वेगळी, दातेरी पट्टीची रचना जास्त दिसते, आणि घंटीच्या जागी गुंडाळलेल्या तारेची घुमणारी कडी येते. फ्रेंच घड्याळ तासाला तेवढे टोले देतं आणि अर्ध्या तासाला एक. म्हणून रात्री साडेबारा, एक आणि दीड अशा तीन वेळा लागोपाठ एकेकच टोला पडतो, आणि अर्धवट झोपेतल्या माणसाला घड्याळ बिघडलं असं वाटतं.

पायरी ३: धातू ओळखा

फ्रेंच "ब्राँझ" पुष्कळदा आपल्या पितळेच्याच जवळचं असतं, त्यामुळे नावात अडकू नका. खरा फरक कांस्य-पितळ आणि जस्ताच्या मिश्रधातूत आहे. दुसऱ्या प्रकाराला फ्रेंच रेग्यूल म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांसाठी लाखो मूर्ती याच धातूत ओतल्या गेल्या आणि वरून सोनेरी केल्या गेल्या.

नखाने मूर्तीवर टिचकी मारा. कांस्य किणकिणतं, जस्त बद्द वाजतं. तळ उलटा करून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथला जुना ओरखडा शोधा: आत पिवळं दिसलं तर कांस्य-पितळ, राखाडी-पांढरं दिसलं तर जस्त. कांस्याचे भाग एकमेकांना स्क्रू आणि नटांनी जोडलेले असतात, जस्ताचे बहुधा डाकाने. स्वतः नवा ओरखडा काढू नका.

माझी पेंढीवाली मुलगी जस्ताची आहे. विकणाऱ्याने मला कांस्य म्हणून दिली आणि मी तळ पाहायला विसरले, कारण यंत्र जुळल्याच्या आनंदात होते. पैसे जास्त गेले. घरी आल्यावर टिचकी मारली आणि कळलं. तरी सांगते, जस्ताला कमी लेखू नका. तिच्या चेहऱ्यावरचं काम मन लावून केलेलं आहे. जस्त म्हणून विकलं तर ती प्रामाणिक वस्तू, कांस्य म्हणून विकली तर फसवणूक. तुम्ही तळ बघायला विसरू नका.

पायरी ४: सोनं कसं चढवलं ते बघा

या पायरीवर थोडं थांबा. फ्रेंच घड्याळाचं जे सौंदर्य आपण वाखाणतो, त्याची किंमत इथे मोजली गेली.

जुना मुलामा पाऱ्याचा. सोनं पाऱ्यात विरघळवून त्याचा लोण्यासारखा लगदा करत, तो कांस्यावर ब्रशने माखत आणि कोळशाच्या आचेवर धरत. पारा वाफ होऊन उडून जाई, सोनं धातूला घट्ट धरून राही. मग काही भाग अकीकासारख्या कठीण दगडाने घासून आरशासारखा चकचकीत करत आणि काही मुद्दाम मंद, मखमली ठेवत. एकाच पानावर कडा झळकते आणि मधला भाग मंद उजळतो, हा खेळ पाऱ्याच्या मुलाम्यात जसा दिसतो तसा दुसऱ्या कशात नाही.

उडणारी ती वाफ मात्र कारागीर श्वासावाटे घेत. हात थरथरू लागत, दात पडत, माणसं अकाली जात. कांस्यकार आंद्रे-आंत्वान राव्रियो (१७५९–१८१४) याने हे आपल्या कारखान्यात पाहिलं होतं. मृत्युपत्रात त्याने ३००० फ्रँक ठेवले, जो कुणी मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचवायची युक्ती काढेल त्याच्यासाठी. ते बक्षीस रसायनशास्त्रज्ञ दार्से यांना मिळालं. त्यांनी भट्टीला अशी धुरांडी जोडली की वाफ कारागिराच्या तोंडाकडे न येता वर ओढली जाई. त्यांचा निबंध १८१८ साली छापला गेला. राव्रियोची घड्याळं संग्रहालयात पाहताना मला त्याच्या कांस्यापेक्षा हे मृत्युपत्र आधी आठवतं.

१८४० च्या दशकात विजेचा मुलामा आला. इंग्लंडच्या एल्किंग्टन यांच्या पेटंटचे फ्रान्सचे हक्क १८४२ मध्ये क्रिस्तोफल यांनी घेतले. हा मुलामा पातळ आणि सगळीकडे सारखा दिसणारा. पाऱ्याचा मुलामा मात्र ब्रशने लावलेला, त्यामुळे भागाच्या मागच्या बाजूला बहुधा सोनं नसतं, फक्त कडेवरून ओघळलेले सोन्याचे ठिपके असतात. नक्षीचा एखादा भाग सुटा असेल तर पाठ बघा. तिसरा प्रकार सर्वात स्वस्त: पितळेवर सोनेरी रोगण. ते कालांतराने डागाळतं आणि खरवडल्यासारखं निघतं.

पायरी ५: तबकडी आणि काटे

पांढरी तबकडी म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर काचेची भुकटी भाजून चढवलेलं एनॅमल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एवढी मोठी तबकडी एकसंध भाजणं अवघड होतं, म्हणून जुन्या घड्याळांत सोनेरी चकतीवर प्रत्येक आकड्याचा वेगळा एनॅमलचा तुकडा बसवलेला दिसतो. पुढे हे तंत्र इतकं सुधारलं की झोझेफ कोतो (१७४०–१८०१) सारखे कलाकार तबकडीवर राशी, महिने, फुलांच्या माळा रंगवू लागले.

बॅटरी तिरकी धरा. केसासारखे तडे जुन्या तबकडीला असणारच, त्याने घाबरू नका. चावीच्या भोकांभोवतीचे टवके बघा. चावी घसरून ते पडतात, आणि रंग भरून लपवलेले असतील तर तिरक्या उजेडात ते मंद दिसतात. काटे निळ्या पोलादाचे असतील तर निळा रंग उष्णतेने आलेला आहे, रंगवलेला नाही. पोकळ चंद्रकोरीच्या टोकाचे काटे दिसले की "ब्रेगेचं!" म्हणू नका, ती धाटणी अख्ख्या जगाने उचलली.

तबकडीवर १२ ऐवजी १० आकडे दिसले तर मात्र नीट थांबून बघा. क्रांतीच्या सरकारने १७९३ मध्ये दिवसाचे १० तास आणि तासाची १०० मिनिटं केली होती. एप्रिल १७९५ मध्ये ते स्थगित झालं. अशी घड्याळं थोडी आणि नकली पुष्कळ.

पायरी ६: शैलीवरून काळ ठरवायची घाई करू नका

शैली ओळखणं सोपं आहे. वळणावळणाची, एका बाजूला झुकलेली शिंपल्यांची नक्षी पंधराव्या लुईच्या काळाची. सरळ रेषा, पांढरा संगमरवर, वीणेचे आकार सोळाव्या लुईचे. ग्रीक-रोमन देवदेवता, गंभीर चेहरे आणि पॉलिश केलेलं सोनं नेपोलियनच्या साम्राज्याचं. चर्चच्या कमानीसारखी घड्याळं १८३० च्या आसपासची. काळ्या दगडाची मंदिरासारखी जड घड्याळं शतकाच्या उत्तरार्धाची.

अडचण अशी की १८५० नंतर या सगळ्या शैली पुन्हा बनल्या, आणि मोठ्या संख्येने. आज बाजारात जे "लुई पंधरावा" म्हणून समोर येतं ते बहुतेकदा त्याच्यानंतर शंभर वर्षांनी केलेलं असतं. म्हणून पुढची बाजू जे सांगेल ते पाठीने मान्य केलं तरच खरं माना. पंधराव्या लुईच्या घाटाच्या घड्याळात मार्तीचं रौप्यपदक सापडलं, तर पुढे वाद नको.

खरोखरच त्या काळाचं असेल तर एक दुर्मीळ खूण सापडू शकते: मुकुटाखाली रोमन सी हे अक्षर, कांस्यावर अगदी बारीक ठोकलेलं. १७४५ ते १७४९ या चार वर्षांत तांब्याच्या मिश्रधातूंवर कर होता, आणि कर भरल्याची ती निशाणी. कराची पावती धातूवरच राहिली आणि आज ती इतिहासकारांना चार वर्षांच्या आत नेऊन पोचवते.

पेटीत जादा भोकं आहेत का, यंत्रासाठी कापलेली कड ओबडधोबड आहे का, लंबक आत घासतो का, हेही इथेच बघून घ्या. एका घड्याळाची पेटी आणि दुसऱ्याचं यंत्र असा संसार मांडलेला असेल तर तो अशा जागी उघडा पडतो.

पायरी ७: घेण्याआधी दोन कायद्यांकडे बघा

बूल पद्धतीच्या घड्याळावर कासवाचं कवच असतं, काहींवर हस्तिदंत. वन्यजीवांच्या व्यापारावरचे आंतरराष्ट्रीय करार आणि भारताचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा दोन्ही इथे लागू पडतात. परदेशात राहणाऱ्यांनी असं घड्याळ सामानात घालून आणायचा बेत करण्याआधी चौकशी करावी. तसंच भारतातून शंभर वर्षांहून जुनी वस्तू बाहेर न्यायची तर १९७२ चाच पुरावस्तू कायदा आड येतो. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर घेतलेलं घड्याळ लंडनच्या मुलीकडे पाठवायचा विचार असेल तर हे आधी ध्यानात घ्या. आणि मुलगी लंडनलाच असेल तर तिला वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात जायला सांगा. तिकीट नाही, आणि बूल, तोमीर यांचं काम अगदी जवळून बघता येतं.

पायरी ८: घरी आणल्यावर

मजबूत, न हलणारी जागा निवडा. मुंबई-कोकणात खिडकीपासून लांब, कारण खारी दमट हवा पोलादी काट्यांवर आणि टांगणीच्या पट्टीवर आधी गंज चढवते. लंबक अडकवा आणि हलकेच झोका द्या. आता डोळे मिटून ऐका. टिक आणि टॅक यांच्यातलं अंतर सारखं हवं. टिक-टॅक... टिक-टॅक... अशी लंगडी चाल ऐकू आली तर घड्याळ काही वेळाने थांबणारच, मग यंत्र कितीही चांगलं असो. बंद पडलेलं म्हणून विकलं गेलेलं किती घड्याळ नुसतं लंगडत असतं!

उपाय असा. घड्याळाच्या एका बाजूखाली पोस्टकार्डाच्या घड्या सारून बघा. चाल सरळ झाली की थांबा आणि कुठली बाजू उचलावी लागली ते लक्षात ठेवा. मग कार्ड काढा, मागून लंबकाला ढकलणारी जी पितळी दांडी असते ती, पुढून पाहता जी बाजू उचलली होती त्याच बाजूला, केसभर वाकवा. केसभरच. काही घड्याळांत ही दांडी घर्षणावर सरकते, तिथे वाकवायची गरज पडत नाही.

चावी देताना उजवीकडचं भोक सहसा चालीचं, डावीकडचं टोल्यांचं. ज्या दिशेने चावी सहज जाते त्या दिशेने द्या, अडली तर जोर लावू नका. आठवड्यातून एक वार ठरवून टाका. चावी देताना तबकडीच आतल्या आत फिरून वाकडी झाली तर घाबरू नका: यंत्र पेटीत दोन लांब स्क्रूंनी आवळलेलं असतं, ते मागून थोडे सैल झालेत. तबकडी सरळ करून दोन्ही बाजूंनी सारखे आवळा.

मिनिटकाटा मागे फिरवू नका. टोले चुकत असतील तर मिनिटकाटा बारावर आणा, पडतील ते टोले मोजा आणि तासकाटा हाताने त्या आकड्यावर सरकवा. तो घर्षणावर बसलेला असतो, सरकतो. मग मिनिटकाटा पुढे नेत, प्रत्येक अर्ध्या तासाला आणि तासाला टोले पुरे होऊ देत, खऱ्या वेळेपर्यंत या. घाई केली तर पुन्हा चुकेल.

वेळ मागे-पुढे होत असेल तर बाराच्या वरचं चौकोनी टोक बारीक चावीने थोडं फिरवा. त्याच्याजवळ रोमन ए असेल तर ती फ्रेंच "आव्हांस", म्हणजे पुढे, आणि आर म्हणजे "रतार", म्हणजे मागे. एकदा फिरवलं की निदान एक पूर्ण दिवस वाट बघा.

आणि स्वच्छता. चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर, पितळ चमकवायचं पॉलिश, यांपैकी काहीही मुलाम्याला लावू नका. देवघरातली समई उजळते तशी ही उजळणार नाही. समईत खालीवर सगळं पितळच असतं, इथे सोन्याचा थर केसाहून पातळ आहे आणि एकदा गेला की गेला. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, एवढंच. शिवणयंत्राचं तेल चाकांवर ओतण्याचाही मोह आवरा. तेल फक्त आसांच्या टोकांना, थेंबाच्या अंशाएवढं लागतं, आणि ते घड्याळजीने घालावं. चार-पाच वर्षांनी एकदा पूर्ण उघडून साफ करून घ्या. कमान गुंडाळलेला डबा स्वतः उघडू नका. पूर्ण चावी दिलेली कमान सुटली तर बोटं फाटतात.

घड्याळजी तो डबा उघडेल तेव्हा मात्र शेजारी उभे राहा, आणि कमान जुनीच असेल तर तिचा बाहेरचा वेढा भिंगाखाली बघायला मागा. फ्रेंच कमान करणारे पुष्कळदा तिच्यावर सुईने आपलं नाव आणि महिना-वर्ष कोरून ठेवत. माझ्या घड्याळाच्या कमानीवर, तेलाचा काळा थर पुसल्यावर, तिरप्या बारीक अक्षरात लिहिलेलं निघालं: मार्च १८७३. नाव अर्धं झिजलं आहे. पहिलं अक्षर बी असावं.